नाण्यांची दिवाळी भेट: कुणी कुणाला काय द्यायचं?

दिवाळी जवळ आली की नाणी जमवणाऱ्या मंडळींची पत्रं वाढतात, यंदा तर बरीच पत्रं एकाच विषयावर आलीत, ती सगळी इथंच एकत्र घेतो.

प्रश्न: आम्ही बेळगाव, खानापूर, निपाणी आणि तिकडं चंदगड-गडहिंग्लज असे मिळून पंधराएक जण जुनी नाणी जमवतो. यंदा चिठ्ठ्या काढून एकमेकांना नाणी भेट द्यायची असं ठरवूलालोय. खरं एकाकडं चांदीचे रुपये ढिगानं आहेत, दुसऱ्याकडं नुसते पाच-दहा पैसे, मग कुणीतरी नाराज होणारच की ओ. आमच्यात चार-पाच कन्नड भाषिक पण आहेत. हे सगळं कसं बसवायचं?
— एक वाचक, अनगोळ, बेळगाव

उत्तर: आधी पैशाचं बोलून टाका, तेच अवघड वाटतं म्हणून लोक शेवटावर ढकलतात आणि मग रुसवे होतात. एक आकडा ठरवा, दोनशे म्हणा, तीनशे म्हणा, आणि तो वरचा आकडा आहे हे सगळ्यांना स्पष्ट सांगा. त्याच्या वर कुणी जायचं नाही, ज्याच्याकडं ढीग आहे त्यानं तर मुळीच नाही, कारण कुणी बंदा चांदीचा रुपया दिला की ज्यानं प्रेमानं भोकाचा पैसा आणलाय त्याचा चेहरा उतरतो, आणि पुढच्या वर्षी तो येत नाही. खालचा आकडा मात्र ठेवू नका. फुकटात जमवलेलं नाणं पण चालतं, नीट शोधलेलं असलं की झालं.

आता चिठ्ठ्या. नुसतं नाव लिहून डब्यात टाकू नका, प्रत्येकानं चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहायच्या, मी काय जमवतो, माझ्याकडं काय भरपूर झालंय, आणि मला काय नको. ही तिसरी ओळ सगळ्यात कामाची आहे. नाहीतर प्रत्येक दिवाळीला कुणाच्या तरी गळ्यात तीच ती वीस पैशाची कमळवाली पिवळी नाणी पडतात, त्याच्याकडं आधीच डबाभर असतात. चिठ्ठी काढताना स्वतःचंच नाव आलं तर परत टाकायची, एकाच घरातल्या दोघांची जोडी लागली तरी परत. कुणाला कोण लागलंय याची यादी खेळात नसलेल्या एका माणसाकडं द्या, कुणाची तरी बायको, वहिनी, कुणीही, म्हणजे ऐनवेळी एखादा आला नाही तर कुणाची भेट राहिली ते कळतं. आणि अशा वेळेसाठी दोन राखीव पाकिटं मंडळाच्या खर्चातून तयार ठेवाच. पंधरा जणांत एक तरी गळतोच, आणि ज्याला काहीच मिळालं नाही त्याला तिथं बसणं जड जातं.

तारखेचं म्हणाल तर आपल्याकडं एक भानगड असते, कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, चंदगड-गडहिंग्लजच्या पोरांना दिवाळीला. पोरं पण यायला हवीत तर भाऊबीज झाल्यावरचा पहिला रविवार धरा, तोपर्यंत पाहुणे पण पांगलेले असतात.

कन्नड भाषिक मित्रांचं विचारलंत ते फार बरं केलंत, कारण माझ्या मते इथंच तुमचा कार्यक्रम बाकीच्या गावांपेक्षा भारी होऊ शकतो. आपल्या भागात किती राजवटींची नाणी फिरलीत बघा. छत्रपतींची तांब्याची शिवराई, एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति, ती पुढं पेशवाईत आणि त्यानंतरही चालत राहिली, म्हणून उत्तरकाळातली शिवराई आजही आवाक्यात मिळते. तिकडं म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडेयरांचा तांब्याचा मयिली कासु, त्याच्यावर कन्नड, इंग्रजी आणि फारसी अशा तिन्ही लिप्या. आणि कृष्णदेवरायाच्या सोन्याच्या नाण्यावर तर नागरीतच श्री प्रताप कृष्णराय असं नाव आहे, ते भेट द्यायच्या आवाक्यातलं नाही, पण गप्पांत जरूर काढा. गोव्याकडचे कुणी असतील तर पोर्तुगीज राजवटीतले तांगे, रुपिया आणि १९५९ पासून आलेले एस्कुदो. मराठी माणसानं कन्नड मित्राला शिवराई द्यावी आणि त्यानं मयिली कासु आणावा, मला तरी याच्यापेक्षा चांगली दिवाळी सुचत नाही.

आणि एक अट मात्र सक्तीची करा. प्रत्येक नाण्याबरोबर हातानं लिहिलेली एक चिठ्ठी पाहिजे, नाणं कुठलं, कुठल्या धातूचं, माझ्याकडं कसं आलं, आणि त्यात काय खोट आहे. घासलेलं आहे, कडेला ठोकलंय, कधीतरी कडी लावून दागिन्यात वापरलंय, जे असेल ते लिहायचं. भेट म्हणून दिलेलं नाणं घेणारा उलटून तपासत नाही, त्याला संकोच वाटतो, म्हणून देणाऱ्यानंच खरं सांगायचं. किंमत तेवढी लिहू नका.

प्रश्न: मुलगा सातवीत आहे, त्याच्या मामाच्या नाणी मंडळात त्यालाही घेतलंय. त्याच्याकडं द्यायला काही नाही आणि मी त्याला दोनशेचं नाणं घेऊन देणार नाही. काय करायचं?
— एक आई, खानापूर

उत्तर: ताई, घेऊन देऊच नका. त्याला घरातली चिल्लर द्या आणि नाण्यावरच्या सालाच्या खाली बघायला सांगा. तिथं बारीकसा चौकोनी हिरा असला तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, चांदणी असली तर हैदराबाद, ठिपका असला तर नोएडा, काहीच नसलं तर कोलकाता. आता एकाच सालाचा एक रुपया चारही टांकसाळींचा जमवायला सांगा. ऐकायला सोपं वाटतं खरं तसं नाही, काही सालांत एखादी टांकसाळ सापडतच नाही, मग किराणावाला, कंडक्टर, आजीचा बटवा, देवळाबाहेरचा फुलवाला, सगळ्यांची चिल्लर बघत हिंडावं लागतं. चार रुपयांत जी भेट तयार होईल ती मोठमोठ्या संग्राहकाला पण आवडेल, कारण त्याला कळतं यात किती हिंडणं आहे. एका जाड कागदावर चार कप्पे करून साल वर लिहायचं आणि टांकसाळीचं नाव खाली.

आणि त्याला भेट देणारा कोण लागलाय ते यादीवाल्या वहिनींना विचारून गुपचूप सुचवा की पोराला १९५० च्या मालिकेतली नाणी द्या, घोड्याचा पैसा, बैलाचा अर्धा आणा आणि एक आणा, चौकोनी दोन आणे. स्वतंत्र भारताची ही पहिली नाणी. सोळा आण्याचा रुपया म्हणजे काय आणि १ एप्रिल १९५७ ला शंभर नये पैसे का आले, हे पोरं नाणं हातात धरून दहा मिनिटांत शिकतात.

प्रश्न: सासूबाईंच्या देव्हाऱ्यात राणीछाप आणि किंग जॉर्जचे सात-आठ चांदीचे रुपये आहेत, लक्ष्मीपूजनाला काढतो. त्यातला एक मला लागलेल्या मावशींना द्यायचा विचार आहे. हळद-कुंकवानं आणि तेलानं काळे पडलेत, चिंच लावून चमकवू का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर: नको, कृपा करून नको. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, काहीच नको. नाण्यावरचा तो काळसर थर म्हणजे त्याच्या वयाची खूण असते आणि घासलं की थराबरोबर बारीक नक्षी पण जाते, राणीच्या केसांच्या रेषा, कपड्यावरची वेलबुट्टी, ती परत येत नाही. हळद-कुंकू निघावं असं वाटत असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये, बॅटरीत घालतात ते, एक-दोन दिवस भिजत ठेवा, मध्ये पाणी बदला, आणि मऊ सुती कापडावर ठेवून नुसतं टिपून घ्या. पुसायचं नाही. पूर्ण सुकल्याशिवाय बंद करायचं नाही. जेवढं निघालं तेवढं निघालं, बाकी राहू दे.

साल पण बघून घ्या. १९३९ पर्यंतच्या रुपयात जवळजवळ ९२ टक्के चांदी, वजन ११.६६ ग्रॅम, आणि १९४० ते १९४५ च्या रुपयात निम्मीच, महायुद्धाच्या काळात कमी केली. हे चिठ्ठीत लिहिलंत तर मावशींना आवडेल. फक्त मंडळानं जो वरचा आकडा ठरवलाय त्यात चांदीचा रुपया बसतो का ते आधी बघा, बहुतेक नाही बसणार, मग तो नंतर वेगळा द्या. आणि सगळ्यात आधी सासूबाईंना विचारा. पूजेतलं नाणं बाहेर देणं प्रत्येक घरात चालत नाही.

द्यायचं ते कशात घालायचं हे पण सांगतो, कारण इथं लई नाणी खराब होतात. बाजारात मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं मिळतात त्यात नाणं ठेवलं की वर्षा-दोन वर्षांत हिरवट चिकट थर येतो, आपल्या पावसाळ्यात तर त्याहून लवकर. पुठ्ठ्याचा चौकोनी होल्डर घ्या, मध्ये पारदर्शक खिडकी असलेला. नाणं मध्ये ठेवून दुमडायचं, चारही बाजूंनी स्टेपल मारायचं आणि पिनांची टोकं पक्कडनं दाबून सपाट करायची, नाहीतर अल्बममध्ये शेजारच्या नाण्याला ओरखडा पडतो. नाणं बाहेर काढताना आधी सगळ्या पिना काढायच्या, मग उघडायचं.

प्रश्न: शेतात विहिरीची गाळमाती काढताना चांदीची पाच नाणी सापडली, फारसी अक्षरं आहेत. एक मंडळात भेट देऊ का?
— एक शेतकरी वाचक, गोकाक तालुका

उत्तर: नाही दादा, ही देऊ नका आणि विकू पण नका. जमिनीत सापडलेल्या धनाचा कायदा आहे, कर्नाटकात १९६२ चा, मोलाचं काही पुरलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. आधी तहसीलदार ऑफिसात जा, लेखी द्या, पोच घ्या. ती धुऊ नका, नेमकी कुठं आणि किती खोलीवर सापडली ते आजच लिहून ठेवा, फोटो काढा. तुमच्या तालुक्यासाठी हे मोलाचं आहे, कारण मोगल काळात बेळगावला आजमनगर म्हणत आणि 'आजमनगर गोकाक' असं टांकसाळीचं नाव असलेले चांदीचे रुपये संग्राहकांना माहीत आहेत. तुमची त्यातली आहेत का ते वाचणारा सांगेल, पण कुठल्या मातीतून निघाली हे फक्त तुम्हीच सांगू शकता.

प्रश्न: भाऊ दुबईत असतो, त्यालाही खेळात घेतलंय. त्याला शिवराई पाठवू का?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर: शिवराई नको. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू धरली जाते, ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्याच्यासाठी भोकाचा पैसा ठेवा, १९४३ ते १९४७ मधला, युद्धात तांबं वाचवायला मध्ये भोक पाडलेला. आणि तो पण गावी आल्यावर हातातच द्या, टपालानं नको.

प्रश्न: माझ्याकडं १८१८ सालचा ईस्ट इंडिया कंपनीचा राम दरबार असलेला अर्धा आणा आहे. मोबाईलवर त्याची किंमत लाखांत सांगतात. असं नाणं भेट दिलं तर भारी दिसेल ना?
— एक वाचक, संकेश्वर

उत्तर: कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही. हे नंतर बनवलेले टोकन आहेत, यात्रेत आणि देवळांजवळ विकले जातात. देव्हाऱ्यात ठेवायला काहीच हरकत नाही, पण नाणं म्हणून कुणाला देऊ नका. आणि त्या लाखांच्या व्हिडिओवाल्यांना फोन करू नका, ते आधी रजिस्ट्रेशन फी मागतात, रिझर्व्ह बँकेनं पण २०२१ मध्ये अशा लोकांपासून सावध राहायला सांगितलंय. भेटीसाठी कंपनीचंच काही पाहिजे असेल तर १८३५ चा तांब्याचा पाव आणा बघा, खराखुरा, आणि बऱ्यापैकी अवस्थेतला तीनशेच्या आत सहज मिळतो.