सर्व्हरचा ॲडमिन कोण?

प्रश्न : आमच्या वाचनालयात जुन्या पीसीवर डेबियन (लिनक्स) टाकून नेक्स्टक्लाउड (फाइल्स ठेवायचा आणि वाटायचा प्रोग्राम) बसवलंय, जुने दिवाळी अंक स्कॅन करून त्यात ठेवतो. ज्या मुलाने बसवलं तो नोकरीसाठी पुण्याला गेला, आता आम्ही चौघं त्याचंच ॲडमिन अकाउंट वापरतोय. मला स्वतःचं ॲडमिन हवंय, पण सुडो (ॲडमिनच्या हक्काने काम करू देणारी) कमांडच सापडत नाही असं येतं. – एक वाचक, वाई

उत्तर : तुमच्याकडे ॲडमिन दोन आहेत, एक मशीनचा म्हणजे रूट आणि दुसरा नेक्स्टक्लाउडचा, आणि ही दोन वेगवेगळी अकाउंट आहेत.

मशीनचं आधी बघू. डेबियन बसवताना रूटला पासवर्ड दिला की इन्स्टॉलर पहिल्या युजरला सुडो देत नाही, तो रकाना रिकामा सोडला तरच देतो. म्हणजे तुमच्याकडे रूटचा पासवर्ड नक्की ठरवलेला असणार, त्या मुलाला फोन करून घ्या. मग टर्मिनलवर एसयू (रूट व्हायची कमांड), स्पेस आणि नुसता डॅश टाइप करा, हा डॅश लोक गाळतात आणि मग युजरमॉड (युजरचे ग्रुप बदलायची कमांड) सापडत नाही म्हणून अडकतात. रूट झालात की ॲप्टने (डेबियनची प्रोग्राम बसवायची कमांड) सुडो टाका, युजरमॉडला हायफन, स्मॉल ए, कॅपिटल जी देऊन स्वतःचं नाव सुडो ग्रुपमध्ये घाला. तो स्मॉल ए राहिला तर बाकीच्या ग्रुपमधून तुमचं नाव उडेल! नंतर लॉगआउट करून परत लॉगिन करा, त्याशिवाय ग्रुप लागू होत नाही.

नेक्स्टक्लाउडचं काम ब्राउझरमधूनच होतं, पासवर्ड आहेच ना. युजर्समध्ये (नव्या आवृत्त्यांत अकाउंट्समध्ये) जाऊन चौघांची वेगळी अकाउंट करा, पण ॲडमिन ग्रुपमध्ये दोघांनाच ठेवा. ॲडमिन कोणाचाही पासवर्ड बदलू शकतो, त्यामुळे चौघांत एकच अकाउंट असलं की कोणी काय केलं ते कधीच कळत नाही, आणि वाचनालयाच्या ठेव्याला हे मला अजिबात पटत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, त्या मुलाचं अकाउंट घाईने डिलीट करू नका. अकाउंटसोबत त्यातल्या फाइल्सही जातात, आणि तुमचे स्कॅन केलेले अंक बहुतेक त्यातच असतील. आधी बॅकअप घ्या, मग नेक्स्टक्लाउडच्या ओसीसी कमांडमधलं फाइल्स ट्रान्सफर ओनरशिप वापरून सगळं नव्या अकाउंटकडे वळवा, उघडून बघा, आणि मगच जुनं बंद करा. ओसीसी रूट म्हणून चालवलं तर नकार देतं, सुडो हायफन यू लावून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या वेब सर्व्हरच्या युजरच्या नावाने चालवायचं. पुढे कधी नेक्स्टक्लाउडचा पासवर्ड हरवला तरी याच ओसीसीने बदलता येतो, म्हणून ज्याच्याकडे रूट त्याच्याकडे सगळंच. ज्या खोलीत पीसी आहे तिला कुलूप लावा.

प्रश्न : भाड्याच्या उबुंटू सर्व्हरवर एसएसएच (दुरून लॉगिन) साठी पासवर्डऐवजी चालणारी की टाकली, कॉन्फिगमध्ये पासवर्ड लॉगिन बंद केलं, तरी पासवर्ड चालतोच!

उत्तर : एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी फोल्डरमध्ये बघा, बऱ्याचदा क्लाउड-इनिट नावाची फाइल तिथे पासवर्ड चालू करून बसलेली असते. उबुंटूत ते फोल्डर आधी वाचलं जातं आणि एसएसएच पहिली मिळालेली सेटिंगच धरतं, त्यामुळे तुम्ही मुख्य कॉन्फिगमध्ये खाली लिहिलेलं वाया जातं. त्या फाइलमध्येच नो करा आणि सर्व्हिस रीलोड करा. एसएसएचडी हायफन कॅपिटल टी रूट म्हणून चालवलं की खरंच काय लागू आहे ते दिसतं. नव्या विंडोतून की ने लॉगिन होईपर्यंत जुनी विंडो बंद करू नका.