मोठी फाइल डिलीट करून कमिट केली, तरी गिट रेपॉझिटरीचा आकार कमी का होत नाही?

कारण ती फाइल जुन्या कमिटमध्ये तशीच राहते. जागा परत हवी असेल तर ती इतिहासातूनच काढावी लागते, आणि त्यासाठी इतिहास नव्याने लिहिणारं 'गिट फिल्टर-रेपो' हे टूल वापरा. त्याच कामाच्या जुन्या फिल्टर-ब्रँच कमांडच्या वाटेला जाऊ नका, गिटचं स्वतःचं डॉक्युमेंटेशनही तो टाळायला सांगतं. नुसतं 'गिट जीसी' (गिटची साफसफाईची कमांड) चालवून ही फाइल जाणार नाही, कारण जीसी फक्त कुठल्याही ब्रँच, टॅग किंवा नोंदीतून पोहोचता न येणारे ऑब्जेक्ट (गिटने साठवलेला डेटा) काढतं. मात्र फुगवटा रिबेस, अमेंड (दोन्हींत जुने कमिट नव्याने लिहिले जातात) किंवा डिलीट केलेल्या ब्रँचमुळे असेल, तर इतिहासाला हात लावायची गरजच नाही. असे सुटे कमिट रिफ्लॉग (ब्रँच आधी कुठल्या कमिटवर होती याची गिटची नोंद) 30 दिवस धरून ठेवतो आणि त्यानंतरही जीसी 2 आठवड्यांपेक्षा नवे ऑब्जेक्ट काढत नाही, म्हणून या दोन कमांड क्रमाने चालवा:

- रिफ्लॉग एक्स्पायर, एक्स्पायर=नाऊ आणि ऑल हे पर्याय देऊन
- मग जीसी, प्रून=नाऊ देऊन

यानंतर चुकून उडवलेला कमिट परत मिळत नाही, तेव्हा आधी बॅकअप घ्याच. फिल्टर-रेपोने मात्र त्या फाइलपासून पुढच्या सगळ्या कमिटचे हॅश (ओळखीचे कोड) बदलतात. फोर्स पुश (सर्व्हरवरचा जुना इतिहास नव्याने बदलणं) केल्यावर टीममधल्या प्रत्येकाने नव्याने क्लोन करायला हवं. कुणी जुन्या क्लोनमधून मर्ज करून पुश केलं, तर तीच फाइल पुन्हा आत येते.