पहिली ‘गोदावरी’ पोलंडच्या झेंड्याखाली लढली होती

तुमचा प्रश्न असा: दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रं एकमेकांना लढाऊ जहाजं उसनी द्यायची म्हणतात, पण अख्खं जहाज उसनं देतात कसं, आणि मग ते कुणाचं मानायचं?

मीही बरीच वर्षं समजत होतो की आयएनएस गोदावरी म्हणजे माझगाव डॉकमध्ये बांधलेली, १९८३ साली नौदलात आलेली फ्रिगेट. तिच्या आधी याच नावाची एक जुनी विनाशिका होती हे कळलं आणि तिचं मूळ शोधत गेलो तर थेट पोलंड निघालं.

१९३९ मध्ये जर्मनी चालून येणार हे दिसताच पोलंडने आपल्या तीन विनाशिका युद्ध सुरू होण्याच्या जेमतेम दोन दिवस आधी ब्रिटनकडे पाठवल्या. देश गेला, नौदल राहिलं. त्यातली ‘ग्रोम’ मे १९४० मध्ये नॉर्वेजवळ बुडाली. म्हणजे पोलिश खलाशी होते, जहाजं पुरेशी नव्हती. ब्रिटनमध्ये नेमकं उलट. गोद्यांतून जहाजं बाहेर पडत होती, मुरलेली माणसं कमी पडत होती. म्हणून ब्रिटनने आपली जहाजं पोलिश खलाशांच्या हाती दिली. तुमच्या ‘कसं’चं उत्तर एवढंच आहे. मालकी ब्रिटनची; झेंडा, कप्तान, खलाशी आणि आज्ञेची भाषा पोलिश.

आपलं जहाज, म्हणजे ती जुनी गोदावरी, ‘हंट’ (शिकार) वर्गातलं, म्हणजे त्याच आराखड्यावर बांधलेल्या नौकांपैकी एक. या वर्गाची नावं इंग्लंडमधल्या कोल्ह्यांच्या शिकारींवरून ठेवलेली, त्यात हिच्या वाट्याला ‘बेडेल’ आलं. या वर्गाच्या पहिल्या नौका आकडेमोडीतल्या चुकीमुळे वरच्या अंगाला जड झाल्या होत्या आणि त्यांच्यावरची तोफांची एक जोडी उतरवावी लागली. पुढच्या नौकांची रुंदी वाढवली, तेव्हा कुठे चार इंची सहा तोफा बसल्या. बेडेल या सुधारलेल्या गटातली. एप्रिल १९४२ मध्ये ती ‘श्लोंझाक’, म्हणजे सायलेशिया या प्रांताचा माणूस, या नावाने पोलिश नौदलातच दाखल झाली. बेडेल नावाने ती युद्धात एकदाही लढलेली नाही!

चारच महिन्यांनी, १९ ऑगस्टला, दिएपचा छापा: जर्मनांच्या ताब्यातल्या या फ्रेंच बंदरावर मित्रराष्ट्रांनी, मुख्यतः कॅनेडियन सैनिकांनी, केलेला हल्ला. पहाटे कमांडोंच्या होड्यांची गाठ अचानक एका जर्मन ताफ्याशी पडली. श्लोंझाक आणि ब्रिटिश ‘ब्रॉकल्सबी’ चारेक मैलांवर होत्या. पण गोळीबार किनाऱ्यावरून होतोय असं समजून श्लोंझाकचे कप्तान रोमुआल्ड नाउएंच-तिमिन्स्की यांनी जहाज वळवलं नाही. होड्या पांगल्या. यावर पुढे बरीच टीका झाली. मला विचाराल तर अंधारात समुद्रावर लांबचे लोळ बघून अंतर ओळखणं काय असतं, ते खुर्चीत बसून बोलायचं काम नाही. त्याच दिवशी पुढे या जहाजाने कॅनेडियन सैनिकांना पाण्यातून बाहेर काढलं. हेच कप्तान युद्धानंतर कॅनडात स्थायिक झाले.

मग १९४३ मध्ये इटलीतलं सिसिली आणि १९४४ मध्ये फ्रान्समधलं नॉर्मंडी, दोन्हीकडे मित्रराष्ट्रांचं सैन्य किनाऱ्यावर उतरताना ती होती. नॉर्मंडीत ‘सोर्ड’ असं सांकेतिक नाव दिलेल्या किनाऱ्यावर उतरलेल्या ब्रिटिश मरीन कमांडोंना तिच्या तोफांचा आधार होता. हंट वर्गात इंधन कमी मावायचं, म्हणून अटलांटिकच्या लांब फेऱ्यांपेक्षा इंग्लिश खाडी आणि भूमध्य समुद्र हेच या जहाजांचं अंगण. आणि हो, उसनं कधीकधी बुडायचंही: ‘कुयाव्याक’ ही अशीच पोलंडला दिलेली हंट जून १९४२ मध्ये माल्टाजवळ सुरुंगावर आदळून गेली.

मालकीचा खरा पेच युद्ध संपल्यावर आला. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातल्या सरकारला दिली. १९४६ मध्ये जहाज मालकाकडे परत गेलं. खलाशांपैकी कित्येकांना मात्र कम्युनिस्ट राजवटीतल्या घरी परतायचं नव्हतं. (कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत त्या काळात हजारो पोलिश निर्वासित राहत होते, त्यातल्या अनेकांसमोरही हाच प्रश्न होता.)

बेडेल पडून राहिली. १९५३ मध्ये ब्रिटनने ती पुन्हा उसनी दिली, या वेळी भारताला. तिच्याबरोबर आणखी दोन हंट नौका आल्या. ‘चिडिंगफोल्ड’ची झाली ‘गंगा’, ‘लॅमर्टन’ची ‘गोमती’ आणि बेडेलची ‘गोदावरी’. पुढे भारताने त्या विकतच घेतल्या. ही गोदावरी १९७०च्या दशकात भंगारात निघाली, आणि मे १९८० मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेल्या नव्या नौकेला तिचं नाव मिळालं. नव्या गोदावरीच्या दोन जुळ्या बहिणींनाही गंगा आणि गोमती हीच नावं दिली.