आधारला ‘उदय’ हा शुभंकर मिळाल्याने वयस्कर माणसांची धास्ती कमी होईल का?

थोडी होईल. पण धास्ती नेमकी कशाची आहे, त्यावर सगळं अवलंबून आहे. मी तालुक्याच्या गावी आधार केंद्रावर ऑपरेटर आहे, त्यामुळे मशीनच्या या बाजूने जे दिसतं ते सांगतो.

तुम्ही लिहिलंय की आई-वडील आधारचं काम म्हटलं की टाळाटाळ करतात, मग हे कार्टून त्यांच्या काही कामाचं आहे की नुसताच सरकारी देखावा? देखावा म्हणून मी मोडीत काढणार नाही. आधार प्राधिकरणाने मायगव्ह या सरकारी संकेतस्थळावर खुली स्पर्धा ठेवली, ८७५ प्रवेशिका आल्या आणि जानेवारी २०२६ मध्ये तिरुवनंतपुरमला उदयचं अनावरण झालं. चित्राचं पहिलं बक्षीस त्रिशूरला गेलं, दुसरं आपल्या पुण्याला आलं. अपडेट कसं करायचं, ऑफलाइन पडताळणी म्हणजे काय, समोरच्याला हवी तेवढीच माहिती कशी द्यायची, हे सोपं करून सांगणं ही त्याची नेमणूक.

आता धास्तीचं. देशातलं पहिलं आधार २०१० मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीला दिलं गेलं. तेव्हापासून कार्ड घरोघरी आहे, लॅमिनेशन करून देवघराच्या फळीवर ठेवलेलं. त्याची कोणाला भीती नाही. भीती आहे ती काम अडण्याची. ऊसतोडीहून आलेल्या बाईचा हात मी मशीनवर ठेवतो, कोयता धरून धरून बोटांच्या रेषा गुळगुळीत झालेल्या. ओल्या फडक्याने बोटं पुसायची, कोरडी करायची, पुन्हा दाबून धरायची. तरी स्क्रीनवर लाल. तोवर बाई विचारते, “दादा, माझंच काही चुकतंय का?” लाडकी बहीणच्या ई-केवायसीच्या वेळी असाच प्रश्न दिवसभर कानावर पडायचा, फक्त तिथे अडचण बोटाची नसून ओटीपीची होती. आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला, नाहीतर मुलाच्या खिशात, आणि मुलगा पुण्यात कंपनीत.

या बाईला हसरा चेहरा दाखवून बोट उमटणार नाही. पण बोट लागलं नाही तर डोळ्यांवरून किंवा चेहऱ्यावरून पडताळणी होते, तसं मागायचा तिला हक्क आहे, आणि यात तिची चूक काही नाही, एवढं जर उदय तिला रांगेतच सांगत असेल तर माझं अर्धं काम हलकं झालं. खुर्चीवरच्या माणसाला पुन्हा पुन्हा विचारायला लोक बिचकतात. चित्राला बिचकत नाहीत.

जपानचं उदाहरण यात बघण्यासारखं आहे. तिथल्या ‘माय नंबर’ या ओळख क्रमांकाच्या योजनेला माइना-चान नावाचा ससा आहे. २०१६ च्या सुरुवातीला कार्ड मिळू लागली, ससा पोस्टरवर होताच, तरी २०२० च्या सुरुवातीपर्यंत जेमतेम सहातल्या एका माणसाने कार्ड घेतलं होतं. रांगा लागल्या त्या सरकारने कार्डामागे २० हजार येनपर्यंतचे पॉइंट द्यायला सुरुवात केल्यावर. मग २०२३ मध्ये एकाची आरोग्यविम्याची माहिती दुसऱ्याच्याच नंबरला जोडली गेल्याची प्रकरणं बाहेर आली आणि लोक भडकले. त्या वेळी ससा काय करणार बिचारा! आपल्या रेल्वेचा भोलू हत्ती २००२ पासून हातात हिरवा कंदील घेऊन उभा आहे, गोड आहे, पण वेटिंग लिस्ट कन्फर्म होईल का हे त्याला कोणी विचारत नाही.

म्हणून माझं मत असं की उदयला जाहिरातीत नाचवण्यापेक्षा भिंतीवर दरपत्रकाशेजारी उभा करा. नवी नोंदणी फुकट; नाव, पत्ता, मोबाईल बदलायचे ७५ रुपये; बोटं-डोळे-फोटो अपडेटचे १२५; मुलांचं पाचव्या आणि पंधराव्या वर्षांनंतरचं अपडेट वेळेत केलं तर फुकट. हे मोठ्या अक्षरात, मराठीत आणि शक्य तिथे अहिराणीत, गोंडीत. जास्त पैसे मागणाऱ्याची (असे आहेत आमच्या धंद्यात) तिथेच पंचाईत होते. दुसरं काम झेरॉक्सचं. लॉजवाला, सिमवाला, भाडेकरार करणारा, सगळे पूर्ण आधारची झेरॉक्स ठेवून घेतात. मास्क्ड आधारवर शेवटचे चारच आकडे दिसतात हे लोकांना माहीतच नाही. तीस सेकंदांचा व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ करायला याहून चांगला विषय नाही.

एक धोका मात्र मला आत्ताच दिसतोय. ‘तुमचं आधार बंद होणार’ म्हणून एपीके फाईल (उघडली की फोनमध्ये परकं अ‍ॅप बसवणारी) पाठवणारे भामटे उद्या त्याच फाईलवर उदयचा चेहरा चिकटवतील. ओळखीचा चेहरा बघून माणूस गाफील राहतो, आणि चित्र कॉपी करायला काहीच लागत नाही. त्यामुळे पहिल्या दिवसापासून उदयने एकच वाक्य घोकलं पाहिजे: मी ओटीपी मागत नाही, लिंक पाठवत नाही.

तुमच्या आई-वडिलांपुरतं सांगायचं तर उदयची वाट बघू नका. त्यांच्या फोनमध्ये १९४७ हा टोल फ्री नंबर ‘आधार’ नावाने सेव्ह करा, तिथे मराठीत बोलतात. आधारला कोणता मोबाईल जोडलाय ते तपासा. आणि अंगठा लावून बँकेतून पैसे काढायची सवय नसेल तर बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, म्हणजे बोटं-डोळे-चेहऱ्यावरून पडताळणी बंद राहते. रेशनच्या वेळी उघडायचं आणि काम झालं की परत लावायचं. पहिल्यांदा तुम्ही शेजारी बसा, दुसऱ्यांदा त्यांनाच करू द्या.