तारा निघाल्या, आता रिटेनर

मागच्या अंकात मुलांच्या दातांना तारा कोणत्या वयात लावाव्यात याबद्दल लिहिलं होतं. पत्रं मात्र जास्त आली ती तारा निघालेल्यांची, म्हणजे रिटेनरबद्दलची. सरळ झालेले दात परत सरकू नयेत म्हणून तारा काढल्यावर लावतात तो रिटेनर. त्यातली चार इथे घेते आहे.

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे. दोन वर्षांनी गेल्या आठवड्यात तारा निघाल्या. आधी वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट होती आणि खालचे दात एकमेकांवर चढलेले होते. डॉक्टर म्हणाले, रिटेनर तीन प्रकारचे असतात, घरी विचार करून सांग. मी नेमका काय विचार करू? त्यात आमच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमी सुरू आहेत, आणि मैत्रीण म्हणते की प्लेट लावली की बोबडं बोलायला होतं.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : विचार कर म्हणणं सोपं आहे, पण कशाचा ते सांगायचं राहून गेलेलं दिसतं. आधी एक समजून घे. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती बारीक तंतूंचं जाळं असतं आणि दात त्यात टांगलेला असतो. तारांनी दात सरकवला तरी या तंतूंना नव्या जागी बसायला तीन-चार महिने लागतात. हिरडीतले तंतू त्याहून सावकाश बसतात, आणि दाताच्या मानेभोवतीचे लवचीक तंतू तर वर्षभरानंतरही जुन्या जागेकडे ओढत असतात. म्हणून फिरलेला दात आणि मधली फट, या दोन गोष्टी सगळ्यात आधी परत येतात. तुझ्याकडे फट होतीच, आणि एकमेकांवर चढलेले दात थोडेफार फिरलेलेही असतातच.

आता प्रकार. पहिला, टाळूला बसणारी अॅक्रिलिकची प्लेट आणि दातांच्या पुढून जाणारी एक तार. चार्ल्स हॉली या अमेरिकन डॉक्टरांनी १९१९ च्या सुमारास ही मांडली, म्हणून हॉली रिटेनर. दणकट असते, वर्षानुवर्षं टिकते, तार पकडीने थोडी आवळता-सैलावता येते. वरखालच्या दाढा एकमेकींवर नीट बसायलाही ती आडवी येत नाही. तोटे दोन : हसलं की तार दिसते, आणि तुझी मैत्रीण म्हणते ते. टाळूवर जाडसर थर आला की जिभेला जागा कमी पडते आणि स, श, च घसरतात.

दुसरा, पारदर्शक रिटेनर. दातांच्या साच्यावर प्लॅस्टिकचा पातळ पत्रा तापवून, हवेने ओढून बसवतात. जाडी साधारण एक मिलिमीटर. दिसत नाही, टाळू मोकळी राहते, बोलणं एक-दोन दिवसांत रुळतं. पण झिजतो, तडकतो, आणि एकदा सैल झाला की दुरुस्त होत नाही, नवाच करावा लागतो. रात्री दात खाणाऱ्यांचा तर फार लवकर फाटतो.

तिसरा, दातांच्या मागून चिकटवलेली बारीक पिळाची तार. खाली एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत. १९७० च्या दशकापासून वापरात आहे. लावायची-काढायची कटकट नाही, आणि तीच तिची मेख आहे. एखाद्या दातावरचा चिकटा सुटला तरी दुखत नाही, कळत नाही, आणि तो एकटा दात हळूच सरकतो. शिवाय तिच्या खाली कीटण साचतं, म्हणून बारीक ब्रश किंवा ताठ टोकाचा फ्लॉस रोज घालावा लागतो.

तू माझ्याकडे आली असतीस तर मी खाली मागून तार चिकटवली असती, वर फट होती त्या दोन दातांना मागून छोटा तुकडा, आणि त्यावरून वरचा पारदर्शक रिटेनर. फट परत यायची भीती असते तिथे मी फक्त काढता-घालता येणाऱ्या रिटेनरवर भरवसा ठेवत नाही. दर रविवारी आरशासमोर तोंड उघडून प्रत्येक दात मागून बोटाने हलकेच ढकलून बघ. एखादा वेगळा हलला किंवा तार जिभेला टोचली की त्याच आठवड्यात दवाखाना गाठ.

तालमींचं म्हणशील तर पारदर्शक रिटेनर घालूनच संहिता मोठ्याने वाच, रोज अर्धा तास. तीन-चार दिवसांत जीभ सरावते. भरत नाट्य मंदिरात प्रयोगाच्या तासाभरापुरता काढलास तर काही बिघडत नाही. फक्त काढल्यावर तो डबीत जाऊ दे, मेकअपच्या टेबलावर नको.

प्रश्न : वय २७, नोकरी हिंजवडीत. ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवताना रिटेनर टिश्यूत गुंडाळून ताटात ठेवला आणि ताट परत दिलं. तीन आठवडे झाले, अजून नवा केला नाही. तारा निघून दहा महिने झालेत. खालचा एक दात थोडा पुढे आल्यासारखा वाटतो, की माझा भास आहे?
– एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : भास नसावा. टिश्यूत गुंडाळलेला रिटेनर कचऱ्यातच जातो, याला मी अजून अपवाद पाहिलेला नाही. एकदा तर एक पेशंट आणि कँटीनचा मुलगा दोघांनी मिळून पिशव्या उलट्या केल्या होत्या. रिटेनर सापडला, पण मी तो परत घालू दिला नाही.

आजच फोन करा. तारा काढल्या त्या दिवशीचा साचा किंवा स्कॅनची फाइल डॉक्टरांकडे आहे का, एवढंच विचारा. असेल आणि दात जेमतेम सरकला असेल, तर त्या जुन्या साच्यावर केलेला रिटेनर घट्ट बसतो आणि तेवढं सरकणं परत आत येतं. पहिले काही दिवस दात दाबल्यासारखे दुखतील, ते चालेल. जास्त सरकला असेल तर रिटेनर बसणारच नाही. अशा वेळी दातांनी चावून बसवू नका, तडकतो. मग दोनच रस्ते : आहे तसं मान्य करून आजच्या दातांवर नवा रिटेनर करणं, किंवा चार-सहा महिने पारदर्शक अलाइनर, म्हणजे दात हळूहळू सरकवणारी प्लॅस्टिकची आवरणं, लावून दात परत जागेवर आणणं. दुसरा रस्ता महाग पडतो. तो टाळायचा असेल तर फोन आजच केलेला बरा.

नवा करताना दोन करून घ्या आणि फाइल स्वतःच्या मेलवरही मागवा. दवाखाने जागा बदलतात, साचे हरवतात.

प्रश्न : मी ४६ वर्षांची. नववीत असताना दातांना तारा होत्या. त्यानंतर वर्षभर प्लेट वापरली, मग डॉक्टरांनीच सांगितलं बास. आता खालचे पुढचे दात पुन्हा वाकडे झालेत. एकाने सांगितलं अक्कलदाढा काढा, त्याच पुढे ढकलतात. काढू का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : या कारणासाठी काढू नका. अक्कलदाढा पुढच्या दातांना ढकलून वाकडं करतात ही समजूत जुनी आहे आणि डॉक्टरांमध्येही होती. पण अक्कलदाढा काढलेल्यांचे, आणि ज्यांना त्या मुळातच आल्या नाहीत त्यांचेही, खालचे दात वयानुसार दाटतात. दाढ किडली, हिरडीला सूज येत राहिली किंवा शेजारच्या दाढेत घुसली, तर काढावी. ते वेगळं प्रकरण आहे.

तुमच्या डॉक्टरांची चूक म्हणता येणार नाही. तेव्हा वर्ष-दीड वर्षाने प्लेट बंद करायचीच पद्धत होती. अमेरिकेत सिअॅटलच्या विद्यापीठात उपचार झालेल्यांना दहा-वीस वर्षांनी पुन्हा बोलावून दात तपासले, तेव्हा कळलं की बहुतेकांच्या खालच्या दातांची दाटी परत आलेली आहे. कोणाची येईल हे आधी सांगताही येईना. म्हणून आता आम्ही ‘किती दिवस?’ या प्रश्नाला ‘दात सरळ हवेत तितके दिवस’ असं म्हणतो. पहिले काही महिने जवळजवळ दिवसभर, नंतर रोज रात्री. ज्यांनी कधीच तारा लावल्या नाहीत त्यांचेही खालचे दात चाळिशीत दाटतात, तेव्हा सगळा दोष उपचाराचा नाही.

माझंच सांगते. मीही कॉलेजात तारा लावल्या होत्या आणि इंटर्नशिपच्या धावपळीत प्लेट कपाटात राहिली. माझा खालचा डावा दुसरा दात तिरका आहे. रिटेनर कंटाळवाणा आहे म्हणणाऱ्या मुलांना मी तोच उघडून दाखवते.

तुम्हाला त्रास फक्त दिसण्याचा असेल आणि हिरड्या निरोगी असतील, तर आधी कीटण काढून घ्या, मग दात सरळ करायला अलाइनर की मागून लावायच्या तारा ते ठरवा. काहीच करायचं नसेल तरी पुढचं दाटणं थांबवायला आजच्या दातांवर रात्रीचा रिटेनर करून घेता येतो. पुष्कळजणांना एवढं पुरतं.

प्रश्न : मुलाच्या रिटेनरला वास येतो आणि आतून पांढरा खरखरीत थर बसला आहे. टूथपेस्टने घासतो, उकळत्या पाण्यातही टाकून पाहिला, तो वाकडाच झाला. आमच्याकडे टँकरचं पाणी येतं.
– एक वाचक, वाघोली

उत्तर : उकळतं पाणी आणि पारदर्शक रिटेनर यांचं जमत नाही. पत्रा तापवूनच त्याला आकार दिलेला असतो, परत तापवला की तो आकार सोडतो. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवरही हेच होतं. वाकडा झालेला आता घालू देऊ नका, नवा करावा लागेल.

नवा आला की टूथपेस्ट बंद. तिच्यातल्या बारीक कणांनी प्लॅस्टिकवर चरे पडतात आणि चऱ्यांत जंतू घर करतात, वास तिथूनच येतो. मऊ ब्रश वेगळा ठेवा, साधं गार पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब पुरतो. आठवड्यातून एकदा कवळी साफ करायची गोळी टाकून पाकिटावर लिहिलंय तितका वेळ भिजवा.

पांढरा थर लाळेतल्या आणि जड पाण्यातल्या क्षारांचा. नखाने किंवा पिनने खरवडू नका. पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारखं घेऊन वीस मिनिटं बुडवा, मग ब्रश फिरवा, धुवा. शेवटचं धुणं पिण्याच्या गाळलेल्या पाण्याने केलंत तर थर उशिरा बसतो.

मुलगा रिटेनर घालून सरबत किंवा कोल्ड्रिंक पितो का, तेही बघा. गोड पाणी आत अडकून दाताला चिकटून राहतं आणि लाळ तिथे पोचत नाही. दात किडायला याहून सोयीची जागा नाही. चहाही नको, वरण-भात तर नकोच, हळदीचा डाग जात नाही. साधं पाणी चालतं. काढताना पुढून ओढायचा नाही, दोन्हीकडच्या दाढांपासून बोटांनी सोडवायचा. ठेवायचा भोकं असलेल्या डबीत, ओला बंद करून नाही.

घरात कुत्रा असेल तर डबी कपाटात उंचावर. लाळेच्या वासाने कुत्री रिटेनर शोधून काढतात. आमच्याकडच्या एका मुलाच्या लॅब्राडॉरने एकाच वर्षात दोन फस्त केले, दुसरा तर चक्क दप्तराची चेन उघडून.