आईसाठी लॅपटॉप: पैसे नेमके कुठे घालावेत?

प्रश्न : माझी आई ६७ वर्षांची आहे. मोबाइलवर ती मेसेज वाचते, फोटो बघते; संगणकाला मात्र तिने आजवर हात लावलेला नाही. आता तिला आठवणी लिहून काढायच्या आहेत आणि नातीशी मोठ्या पडद्यावर बोलायचं आहे. बजेट बेताचं आहे. भावाचा आठ-नऊ वर्षांपूर्वीचा लॅपटॉप पडून आहे, तो द्यावा की नवा घ्यावा? नवा घ्यायचा तर कोणता? मी दुसऱ्या शहरात राहते.

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. काही अडलं की आई तुम्हालाच फोन करणार, आणि तुम्ही समोर नसणार. म्हणून पहिला निकष हा, की तुम्ही स्वतः जी सिस्टिम वापरता तीच आईला घ्या. विंडोज वापरत असाल तर विंडोज. मग पडदा न दिसताही "खाली मधोमध बघ, पिवळी फाइल दिसते का?" असं तुम्ही सांगू शकाल. क्रोमबुक, म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप, सोपं असतं, पटकन सुरू होतं, नवशिक्यांना मानवतं. पण तुम्हाला ते ओळखीचं नसेल, तर फोनवर दोघीही चाचपडत बसाल. तरीही घेतलंत, तर त्या मॉडेलला अपडेट कधीपर्यंत मिळणार ती तारीख आधी बघा. २०२१ पासूनच्या मॉडेलना १० वर्षं अपडेट मिळतात, पण ती मोजतात मॉडेलचा मूळ प्लॅटफॉर्म बाजारात आल्यापासून, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे. सवलतीत मिळणाऱ्या जुन्या मालाची बरीच वर्षं आधीच सरलेली असू शकतात.

भावाच्या लॅपटॉपवर बहुधा विंडोज १० असेल. त्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे, पण ती ठरावीक मुदतीपुरती. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, शिवाय प्रोसेसरही साधारण इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत अ‍ॅप तुमच्या लॅपटॉपला ते चालेल का ते सांगतं. चालणार असेल, तर आतली हार्ड डिस्क काढून एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी, खूप वेगवान डिस्क) बसवा आणि खुशाल द्या. तेवढ्या एका बदलाने जुनं यंत्र ओळखू येणार नाही इतकं चपळ होतं. चालणार नसेल, तर तो आईला देऊ नका. फसव्या संदेशांना सगळ्यांत सहज बळी पडणारी व्यक्ती नवशिकी असते, आणि तिच्याच हातात असुरक्षित यंत्र द्यायचं, हे मला मुळीच पटत नाही.

नवा घ्यायचा तर प्रोसेसरच्या आकड्यांत अडकू नका. कोअर आय३ किंवा रायझन ३ आईच्या कामाला पुरून उरेल. रॅम, म्हणजे चालू कामासाठी लागणारी मेमरी, ८ जीबी हवी. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी आहे, पण तेवढ्यात व्हिडिओ कॉल आणि ब्राउझर एकत्र चालताना यंत्र रखडतं. आणि यंत्र रखडलं की नवशिक्या माणसाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. मग तेच बटण पुन्हापुन्हा दाबलं जातं आणि चार खिडक्या उघडतात. स्वस्त मॉडेलमध्ये रॅम बरेचदा बोर्डावरच पक्की बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. स्टोरेजच्या जागी 'ईएमएमसी ६४ जीबी' (एसएसडीपेक्षा संथ, स्वस्त साठवण) असं दिसलं तर तो लॅपटॉप सोडून द्या. विंडोजच त्यातली बरीच जागा व्यापतं आणि पुढे मोठ्या अपडेटना जागा उरत नाही. २५६ जीबी एसएसडी पुरेशी आहे.

वाचलेले पैसे पडद्यात घाला. मी ज्येष्ठांना संगणक शिकवते. माझ्या वर्गातल्या एका काकूंना वाटायचं की आपला चष्म्याचा नंबर वाढलाय. त्यांचा पडदा टीएन या स्वस्त प्रकारचा होता. मान जरा वर-खाली झाली की अक्षरं फिकी पडायची. शेजारच्या आयपीएस, म्हणजे बाजूनेही नीट दिसणाऱ्या, पडद्यावर त्यांनी तोच मजकूर सरळ वाचून दाखवला. दुकानात पडदा पुढे-मागे कलवून बघा. रंग उलटेपालटे झाले तर तो घेऊ नका. १५.६ इंची, १९२० बाय १०८० चा, चकाकी नसलेला पडदा घ्या. वजन थोडं जास्त असेल, पण आईचा लॅपटॉप टेबलावरच राहणार आहे. कळांवरची अक्षरं ठळक आहेत ना, तेही बघून घ्या. चंदेरी कळांवर पांढरी अक्षरं संध्याकाळी दिसत नाहीत.

सोबत वायरचा साधा माउस घ्याच. टचपॅडवर दोन बोटांची कसरत सुरुवातीला कुणालाच जमत नाही. डबल क्लिक हीही अवघड गोष्ट आहे. दोन क्लिकच्या मध्ये हात हलतो, फाइल सरकून दुसऱ्याच फोल्डरमध्ये जाते आणि "माझं लिहिलेलं गेलं" म्हणून जीव कासावीस होतो. त्यापेक्षा फाइलवर एकदा क्लिक करून एंटर दाबायला शिकवा.

लॅपटॉप आईच्या हातात देण्याआधी तुमचा एक दिवस त्याच्यासाठी ठेवा. सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत अक्षरं मोठी करा, माउसचा बाणही मोठा करा. मुदतीनंतर पैसे मागणारा चाचणी अँटीव्हायरस काढून टाका. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आहेच. आईचं खातं 'स्टँडर्ड', म्हणजे मोठे बदल करण्याची मुभा नसलेलं, ठेवा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड तुमच्याकडे. मराठीसाठी फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे टाइप करायचा, कीबोर्ड जोडा. डेस्कटॉपवर आईला लागतील तेवढीच चार-पाच चित्रं (आयकॉन) ठेवा, बाकीची हटवा. दुरून मदत करायला विंडोजमध्ये 'क्विक असिस्ट' आहे. कंट्रोल, विंडोज आणि क्यू या कळा एकत्र दाबल्या की ते उघडतं. तुम्ही दिलेला कोड आईने टाकून परवानगी दिली की तिचा पडदा तुम्हाला दिसतो. याची तालीम एकाच घरात असताना करून घ्या, अडचण आल्यावर पहिल्यांदा नको.

प्रश्न : मुलाने मला लॅपटॉप दिला आहे. काहीतरी भलतंच दाबलं जाईल आणि तो बिघडेल, या भीतीने मी तो उघडतच नाही. काय करू?

उत्तर : काकू, कळा दाबून लॅपटॉप बिघडत नाही. लिहिताना मजकूर चुकून पुसला गेला तर लगेच कंट्रोल आणि झेड एकत्र दाबा, तो परत येतो. डेस्कटॉपवरची फाइल चुकून काढली गेली तर ती बहुधा रिसायकल बिनमध्ये पडून असते, तिथून परत आणता येते. रोज थोडा वेळ नुसतं काहीतरी टाइप करा, मनात येईल ते.

सावध राहायचं ते एका बाबतीत. पडद्यावर अचानक मोठा आवाज करत इशारा आला, "तुमचा संगणक बंद पडला आहे, या नंबरवर फोन करा", तर फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन नंबर कधीच नसतो. ती खिडकी ऑल्ट आणि एफ४ दाबून बंद करा. बंद होत नसेल तर पॉवरचं बटण लॅपटॉप बंद होईपर्यंत दाबून धरा; काहीही बिघडणार नाही. मग मुलाला फोन लावा, आणि माउस त्याच्या नव्हे, तुमच्याच हातात ठेवून पुढचं विचारा.