पक्ष्यांची वही बंद करू नकोस

बाय,

तुझा मेसेज वाचला. आता मुलांसाठी सीरियसली लिहायचं म्हणून पक्षी बघायला जाणं बंद केलंयस, तो वेळ पण लिहिण्याला देणार म्हणतेस. राहवलं नाही म्हणून लगेच लिहायला बसले. असं करू नको गं.

माझंच सांगते. पहिल्या पुस्तकात मी धनेशाचं घरटं लिहिलं, फांदीवर, काड्याबिड्यांचं, चित्र पण तसंच आलं आणि छापून पण झालं. मग गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका शाळेत वाचून दाखवत होते तर तिसरीतली एक मुलगी उठून म्हणाली, "टीचर, त्याचं घर ढोलीत असतं." आणि तिने सगळं सांगितलं, मादी ढोलीत शिरून आतून तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते, आणि नर कितीतरी आठवडे बाहेरून फळं आणून भरवत राहतो. तिच्या घरामागच्या झाडावरच होतं ते. मुलांच्या हातात मी चुकीचं पुस्तक दिलं याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर चोडण बेटावर जायला लागले. रायबंदरहून फेरीबोट, पलीकडे सलीम अली अभयारण्य, दोन चौरस किलोमीटर पण नाही ते. जायचे खंड्यासाठी आणि ओहोटीला नजर अडकायची चिखलात. निवटा जवळून बघितलायस? मासा असून पुढच्या परांवर अंग रेटत चिखलात चालतो, डोळे पार डोक्यावर, कातडी ओली असेल तोवर तिच्यातूनच श्वास घेतो, आणि मधूनच डोळा आत ओढून ओला करून घेतो. चार वर्षं बघतेय, अजून एक ओळ लिहिलेली नाही त्याच्यावर. गोष्ट मिळावी म्हणून बघायला गेलं की गोष्टीत बसेल तेवढंच दिसतं, बाकीचं दिसतच नाही.

गणेश चवथीला गणपतीच्या वर रानातली फळं-फुलं टांगून माटोळी बांधतात तेव्हा पण मोबाईल ठेवून मोठ्यांजवळ बस. घागऱ्यो, कांगलां, कवंडळ, ही नावं मोठ्याने म्हणून बघ, किती छान वाजतात, मुलांना शब्द आधी कानानेच आवडतो.

नोकरी मात्र सोडू नको. मुलांच्या पुस्तकाची रॉयल्टी बरेचदा चित्रकाराबरोबर वाटून घ्यायची असते, त्यात घर चालत नाही.

आता तुझी खेकड्याची गोष्ट. चार ए-फोर कागद मधोमध दुमडून स्टेपल कर, 16 पानं होतात, एकेका पानावर दोनच ओळी लिही. खेकडा बिळातून बाहेर येतो ते पान उलटल्यावर दिसायला हवं, तू आधीच्याच पानावर सांगून मोकळी झालीयस. मग ती वही शेजारच्या एखाद्या आजीला दे, नातवाला वाचून दाखवायला सांग, तू नुसती बाजूला बस आणि ती कुठे अडखळते ते बघ. तिथली वाक्यं बदलावी लागतील.

आणखी एक, तुझ्या खेकड्याच्या दोन्ही नांग्या सारख्या आहेत. चोडणच्या चिखलात हात हलवून बोलावल्यासारखं करतात ना ते छोटे खेकडे, त्यांच्यात नराची एकच नांगी मोठी असते, जवळजवळ त्याच्या अंगाएवढी. ओहोटीची वेळ बघून कळवते, रविवारी रायबंदरच्या धक्क्यावर ये. येताना वही तीच आण, पक्ष्यांची.